हलक्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा नेम तिसऱ्या गोळीनंतर का सरकतो?

डोंगरवाट :
नमस्कार. चढणीवर दिवसभर खांद्यावर वागवता यावी म्हणून मी .३०८ विंचेस्टर काडतुसाची, दुर्बिणीसह २.७ किलो वजनाची रायफल रीतसर परवान्यावर घेतली आहे. १०० मीटरवर पहिल्या दोन-तीन गोळ्या जवळजवळ एकाच ठिकाणी लागतात, पण पुढच्या वर आणि उजवीकडे सरकत जातात. धक्काही बराच बसतो. दोष रायफलचा की माझा?

थंडनळी :
बारीक नळी लवकर तापते, आणि तापल्यावर तिच्यात किंचित वाक येऊन किंवा ती दस्त्याला (नळी आणि यंत्रणा ज्यात बसते त्या रायफलच्या सांगाड्याला) टेकून नेम सरकू शकतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून, बोल्ट (काडतूस भरण्यासाठी हाताने मागे-पुढे करायचा दांडा) बाहेर काढून, नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती कोठे अडत असेल तर तेथेच शोध घ्यावा. अ‍ॅक्शनचे, म्हणजे काडतूस भरण्या-उडवण्याच्या यंत्रणेचे, स्क्रूही उत्पादकाने सांगितलेल्या ताणाइतके आवळलेले आहेत का, ते तपासावे. एरवी तीन गोळ्यांनंतर बोल्ट उघडा ठेवून नळी निवू द्यावी. शिकारीत थंड नळीची पहिलीच गोळी कामाची असते. म्हणून वेगवेगळ्या दिवशीच्या पहिल्या गोळ्या एकाच कागदावर जमवून पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते.

मोजमाप :
धक्क्याबाबत सांगायचे तर, काडतूस तेच असेल तर मागे येणारी ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे ३.६ किलोच्या रायफलपेक्षा आपली रायफल एक तृतीयांशाने अधिक ऊर्जेचा धक्का देते. सोबत्याला खऱ्या काडतुसांत निर्धोक सरावी काडतुसे मिसळून भरायला सांगा. सरावी काडतुसावर चाप ओढताना नळीचे तोंड झुकले, तर आपण धक्क्याला बिचकत आहात. मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवून वायू बाजूला वळवणारा भाग) धक्का कमी करतो खरा, पण आवाज असा वाढवतो की मी तो लावणार नाही. कानांना संरक्षण मात्र दोन्ही परिस्थितींत हवेच.

डोंगरवाट :
आभारी आहे. पट्टी दस्त्याच्या पुढच्या टोकाशी, खालच्या डाव्या बाजूला अडकते.

थंडनळी :
मग वर-उजवीकडे सरकण्याचे कारण बहुधा तेच आहे. दस्ता लाकडी असेल तर तेवढाच भाग हलक्या हाताने घासून उघड्या लाकडाला लगेच वॉर्निश द्यावे, अन्यथा ते दमट हवेत फुगून पुन्हा नळीला टेकेल. त्यानंतर दुर्बीण नव्याने नेमाला जुळवावी.