नफ्याचा दर खरंच घसरतोय का, आणि आयातशुल्काच्या भांडणाशी त्याचा संबंध कसा जोडायचा?

साशंक

सध्याच्या व्यापारयुद्धावरचं कुठलंही मार्क्सवादी लिखाण उघडलं की चौथ्या-पाचव्या परिच्छेदात ‘नफ्याच्या दराची घसरण’ हजर असते. आकडे मात्र क्वचितच दिसतात, आणि जे देतात त्यांचे आलेख एकमेकांशी जुळत नाहीत. एकाच्या आलेखात अमेरिकेतला दर १९८० च्या दशकापासून सावरलेला, दुसऱ्याच्या आलेखात तो कधी उठलाच नाही.

मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातली १३ ते १५ ही प्रकरणं वाचली आहेत, सूत्र माहीत आहे: वरकड मूल्य (कामगाराने मजुरीपलीकडे निर्माण केलेलं) भागिले स्थिर भांडवल (यंत्रं, कच्चा माल) अधिक बदलतं भांडवल (मजुरी). अडचण पुढची आहे.

१. जीडीपीतून मजुरी वजा करून देशाच्या एकूण भांडवली साठ्याने भागलं तर चालेल का? नसेल तर नेमके कुठले आकडे घ्यायचे?
२. आलेख इतके वेगळे का येतात?
३. दर घसरला असं दाखवता आलं, तरी त्यावरून अमेरिकेच्या २०१८ नंतरच्या आयातशुल्कांपर्यंत पोचायचं कसं?

घसारा

पहिल्याचं उत्तर देतो. जीडीपी वजा मजुरी चालणार नाही. त्या बाकीत काय काय शिरतं बघा: घसारा (तो नफा नव्हेच), स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं मानीव घरभाडं (कुणी देत नाही, फक्त हिशेबात धरतात), आणि स्वयंरोजगारवाल्यांचं मिश्र उत्पन्न, ज्यात मजुरी किती आणि नफा किती हे वेगळं काढता येत नाही. सरकारी खात्यांचा निव्वळ नफा तर हिशेबाच्या प्रथेनेच शून्य धरलेला असतो. छेदात घरं, रस्ते, शाळा आणि रणगाडे येतात. रणगाड्यांवर कोणी नफ्याचा दर काढत नाही.

म्हणून फक्त कंपन्या घ्या, आणि शक्यतो बिगर-वित्तीय कंपन्या. अमेरिकेसाठी बीईएच्या (राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे काढणारी सरकारी संस्था) राष्ट्रीय लेख्यांतला तक्ता १.१४ उघडा, आकडे १९२९ पासून आहेत. त्यात बिगर-वित्तीय कंपन्यांची एकूण मूल्यवृद्धी, घसारा, कर्मचाऱ्यांचा मोबदला, उत्पादन व आयातीवरचे कर (अनुदानं वजा जाता) आणि निव्वळ परिचालन वाढावा (हे सगळं वजा जाता उरणारा, व्याज धरून नफा) ओळीने मिळतात. छेद त्याच संस्थेच्या स्थिर मालमत्तांच्या तक्त्यांतून: ४.१ मध्ये चालू किमतीचा साठा, ४.३ मध्ये मूळ खरेदी किमतीचा.

समजा मूल्यवृद्धी १०००, घसारा १५०, मोबदला ५६०, कर ८०. वाढावा उरला २१०. स्थिर साठा २००० असेल तर दर १०.५ टक्के. आता यातली प्रत्येक निवड दर कसा हलवते ते पाहा.

मालसाठा (२०० धरू) छेदात घेतला की ९.५. कर हाही वरकड मूल्याचाच हिस्सा, फक्त सरकारकडे गेलेला, असं मानलं तर अंश २९० होतो आणि (छेद २२०० च ठेवून) दर १३.२. बदलतं भांडवल छेदात हवं असेल तर वर्षभराचा पगार घालू नका. आगाऊ लागतं ते एका आवर्तनापुरतं, म्हणजे गुंतवलेला पैसा विक्रीतून परत येईपर्यंतच्या एका फेऱ्यापुरतं. भांडवल वर्षात चारदा फिरत असेल तर ५६० ऐवजी १४०, आणि दर १२.४. आवर्तनाचा वेग नीट मोजता येत नाही म्हणून बहुतेक जण हा घटक सोडून देतात. पातळी थोडी वर दिसते, कल फारसा बदलत नाही.

हमखास होणारी चूक: मालमत्तांचे तक्ते वर्षअखेरचे असतात. २०१९ चा नफा २०१८ च्या अखेरच्या साठ्याने भागायचा, त्याच वर्षाच्या नाही. दुसरी चूक, २०१३ च्या फेररचनेत संशोधनखर्च आणि करमणुकीच्या मूळ कलाकृती ‘बौद्धिक मालमत्ता’ म्हणून भांडवली साठ्यात आल्या. ही मालिका मागच्या वर्षांनाही लावलेली आहे, त्यामुळे २०१३ आधी उतरवून घेतलेले आकडे आणि आजचे आकडे एकाच आलेखात जोडले की मधे खोटी पायरी दिसते.

आणि १.१४ देशांतर्गत आहे. अमेरिकन कंपन्यांचा परदेशातला नफा त्यात नाही. तो ६.१६ मध्ये ‘उर्वरित जग’ या ओळीत सापडतो, पण त्याला जुळणारा छेद या तक्त्यांत नाही. साम्राज्यवादावर लिहिताना लोक हा परदेशी नफा अंशात घालतात आणि छेद देशातलाच ठेवतात. मग दर फुगणारच.

अनुस्वार

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घसारा यांनी सांगितलेल्या ४.१ आणि ४.३ या दोन तक्त्यांतच आहे. आलेखांमधलं निम्म्याहून जास्त भांडण तिथलंच.

एक यंत्र १००० ला घेतलं, आज तेच घ्यायला १५०० लागतात, त्यावर वर्षाला १५० नफा. मूळ किमतीवर दर १५ टक्के, चालू किमतीवर १०. महागाई वाढत असताना ही दरी रुंदावते, म्हणून १९७० च्या दशकातली घसरण चालू किमतीच्या मालिकेत जास्त खोल दिसते. १९८० नंतर महागाई उतरली तशी दरी मिटू लागली, आणि तेवढ्यानेच चालू किमतीचा दर वर आलेला दिसतो. मूळ किमतीच्या मालिकेत ती उसळी बरीच पुसट होते. मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञांपैकी ड्युमेनिल आणि लेव्ही नवउदारवादी काळात (१९८० नंतर) दर सावरला म्हणतात आणि अँड्र्यू क्लायमन टिकाऊ सावरणं नाहीच म्हणतात, त्यामागे मुख्यतः हा फरक आहे.

बरोबर कोण? माझं मत मूळ किमतीच्या बाजूने झुकतं, कारण भांडवलदाराने प्रत्यक्ष ओतलेला पैसा तोच. पण आज नवी गुंतवणूक करायची की नाही हा निर्णय आजच्या किमतीवर होतो, त्यामुळे ‘गुंतवणूक का मंदावली’ असा प्रश्न असेल तर चालू किमतीचा दर टाकून देता येत नाही. फक्त सरमिसळ नको. छेद मूळ किमतीचा घेतलात तर अंशातला घसाराही मूळ किमतीचाच हवा (तक्ता ४.६). बीईएच्या नफ्यात घसाऱ्याचं समायोजन आधीच करून चालू किमतीला आणलेलं असतं, ते उलटं फिरवावं लागतं. हे न करता काढलेले आलेख भरपूर फिरत असतात.

याच मुद्द्याला जपानी अर्थशास्त्रज्ञ ओकिशिओचं १९६१ चं प्रमेयही चिकटलेलं आहे. खरी मजुरी स्थिर राहिली तर खर्च कमी करणाऱ्या तंत्रामुळे नवा समान दर जुन्याहून खाली जाऊ शकत नाही, असं ते सांगतं. त्यात आदान (उत्पादनासाठी विकत घेतलेला माल) आणि उत्पादन एकाच वेळच्या किमतीला धरलेलं आहे. ती अट सोडली, म्हणजे आदानं कालच्या किमतीला आणि माल आजच्या, तर निष्कर्ष तसाच राहत नाही. वाद संपलेला नाही, पण ‘ओकिशिओने मार्क्स मोडीत काढला’ आणि ‘ओकिशिओ निरर्थक’ ही दोन्ही विधानं आळसाची आहेत.

साशंक

दोघांचे आभार. बहुतेक ठिकाणी नुसता ‘दर’ एवढाच आकडा दिलेला असतो. तो घसरला तर कारण भांडवलाची सेंद्रिय रचना (मजुरीच्या तुलनेत यंत्र-मालावरचा खर्च), की मजुरीचा दबाव, हे वेगळं कसं काढायचं?

तिसरा खंड

दर फोडून पाहायचा: नफ्याचा वाटा गुणिले उत्पादन-भांडवल गुणोत्तर. वरच्याच आकड्यांत निव्वळ मूल्यवृद्धी ८५०. नफ्याचा वाटा २१० भागिले ८५०, म्हणजे २४.७ टक्के. गुणोत्तर ८५० भागिले २०००, म्हणजे ०.४२५. गुणाकार पुन्हा १०.५.

वाटा जागच्या जागी आणि गुणोत्तर खाली गेलं, तर यंत्रांचा भार वाढतोय. मार्क्सचं १३ वं प्रकरण इथे लागू पडतं (तिथे त्याने शोषणाचा दर, म्हणजे वरकड मूल्य भागिले बदलतं भांडवल, १०० टक्क्यांवर आणि बदलतं भांडवल १०० वर स्थिर ठेवून स्थिर भांडवल ५० वरून ४०० वर नेलंय, दर ६६⅔ वरून २० वर येतो). उलट, वाटा घसरला असेल तर मजुरीच्या दबावाचा सिद्धांत, जो ग्लिन आणि सटक्लिफ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये ब्रिटनसाठी मांडला. आणि वाटा वाढत असताना गुंतवणूक मात्र मंदावली असेल, तर घसरत्या दराची गोष्ट सांगणं जड जातं. तिथे बॅरन आणि स्वीझी या अमेरिकन मार्क्सवाद्यांच्या परंपरेतलं एकाधिकारी भांडवलाचं आणि मागणीच्या तुटवड्याचं स्पष्टीकरण आधी तपासा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, कारण खरी घसरगुंडी तिथे होते. दर आणि आयातशुल्क यांच्यामधे निदान तीन पायऱ्या आहेत आणि त्या वगळल्या की विश्लेषणाचा नुसता जप होतो.

पहिली पायरी संचयाची. घसारा वजा जाता निव्वळ गुंतवणूक भागिले निव्वळ साठा, ही मालिका दराशेजारी ठेवा. नफ्याच्या दरामागून ती एक-दोन वर्षांनी हलते का? नफा लाभांशात आणि शेअर-पुनर्खरेदीत जात असेल तर दोन्ही रेषा फाकतात, आणि ते फाकणं हाच मग चर्चेचा विषय होतो. करपूर्व दर घ्या. अमेरिकेच्या २०१७ च्या करकायद्याने कंपनीकर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला. करोत्तर दर त्याने उचलला, वरकड मूल्यात एका डॉलरची भर पडली नाही.

दुसरी, भांडवलाच्या कोणत्या गटाला काय मिळतं. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत आयात पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागलं. शुल्कातून नवं वरकड मूल्य तयार होत नाही, आहे त्याची फेरवाटणी होते. पोलाद बनवणाऱ्याला वरची किंमत मिळते, पोलाद वापरणाऱ्या यंत्र-मोटार उद्योगांचं स्थिर भांडवल महागतं. मार्क्सने १४ व्या प्रकरणात परदेशी व्यापाराला घसरणीचा प्रतिकार म्हटलंय, कारण त्याने स्थिर भांडवलाचे घटक स्वस्त होतात. शुल्क म्हणजे तोच प्रतिकार स्वतःच्या हाताने कमी करणं. तेव्हा ‘दर घसरला म्हणून भांडवलदार वर्गाने शुल्क लावलं’ हे वाक्य इतक्या सरळ टिकत नाही. कुठल्या गटाने, कुणाच्या खर्चाने, हे सांगावं लागतं.

तिसरी पायरी जागतिक अतिक्षमतेची. जगातलं निम्म्याहून जास्त कच्चं पोलाद चीनमध्ये बनतं. अशा क्षेत्रात जुनं भांडवल बाद व्हायला हवं, पण ते कुणाच्या देशात बाद व्हावं यावर राज्यसंस्था भांडतात. आयातशुल्काचं मार्क्सवादी स्पष्टीकरण मला इथे सगळ्यांत भक्कम वाटतं, आणि अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट ब्रेनरची मांडणी याच अंगाने जाते. सरासरी दरापेक्षा त्या-त्या क्षेत्रातले दर इथे जास्त बोलतात.

जाता जाता: मार्क्स संरक्षणवाद्यांच्या बाजूने होता असं गृहीत धरून लिहिणारे भेटतात. जानेवारी १८४८ मध्ये ब्रुसेल्सच्या भाषणात त्याने मुक्त व्यापाराला पाठिंबा दिला, कारण तो जुनं मोडतो आणि संघर्ष तीव्र करतो. मजुराचं भलं होईल म्हणून नव्हे.

बिनपगारी

सगळं खरं, पण तुम्ही तिघेही अनुत्पादक श्रमाला बगल देताय. व्यापार, वित्त, जाहिरात, देखरेख यांतले पगार मार्क्सच्या हिशेबात बदलतं भांडवल नाहीत, ते वरकड मूल्यातून भागतात. वरच्या उदाहरणात ५६० पैकी ३० टक्के, म्हणजे १६८, असे पगार धरा. बदलतं भांडवल ३९२, वरकड मूल्य २९० अधिक १६८, म्हणजे ४५८. शोषणाचा दर ५२ टक्क्यांवरून थेट ११७. शेख आणि टोनक, तसंच मोझली या मार्क्सवादी अर्थशास्त्रज्ञांची मालिका इतरांपेक्षा वेगळी दिसते ती यामुळे.

घसारा

बगल नाही, पण मुद्दा रास्त. शोषणाचा दर काढायचा असेल तर हे करावंच लागेल. कंपन्यांच्या हातात उरणाऱ्या नफ्याचा दर काढायचा असेल तर ते १६८ गेलेलेच आहेत, कुठल्याही नावाने गेले तरी. अडचण विभागणीची आहे. बीएलएसचा (अमेरिकेची कामगार-आकडेवारी संस्था) ‘उत्पादन व बिगर-देखरेख कर्मचारी’ हा गट उत्पादक श्रम म्हणून वापरतात, पण त्यात किरकोळ दुकानांतले आणि बँकांतले कर्मचारीही येतात. आधी उद्योगांची चाळणी लावा, मग त्या गटाची.

शुल्कांबद्दल एक हिशेबी सापळाही राहिला. सीमाशुल्क राष्ट्रीय लेख्यांत ‘उत्पादन व आयातीवरचे कर’ या ओळीत जातं. कंपन्यांनी ते स्वतः सोसलं तर २१० वाला अरुंद दर पडेल, २९० वाला रुंद दर जागेवर राहील. शुल्क वाढलेल्या वर्षांत दोन्ही काढा. फक्त अरुंद दर घेऊन ‘बघा, दर घसरला म्हणून शुल्क’ असं लिहिलंत तर कार्य आणि कारण उलटं होईल.

इतर देशांसाठी पेन वर्ल्ड टेबल या देशोदेशींच्या तुलनात्मक आकडेसंचाच्या १०.०१ आवृत्तीत १८३ देशांचे २०१९ पर्यंतचे आकडे आहेत आणि परताव्याच्या अंतर्गत दराचा तयार स्तंभही. झटपट तुलनेला बरा, पण तो संपूर्ण अर्थव्यवस्थेचा आहे, म्हणजे घरं पुन्हा आत. आयर्लंडसारखे देश वेगळे ठेवा. २०१५ मध्ये तिथला जीडीपी पहिल्या अंदाजात २६.३ टक्क्यांनी वाढला, कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक मालमत्ता तिकडे हलवली. तो नफा आयरिश मजुरांच्या श्रमातून आलेला नव्हे.

आलेख काढताना सुरुवात आणि शेवट तेजीच्या शिखरावर ठेवा, शिखर ते शिखर. २००९ च्या तळापासून मोजलं तर कुठलाही दर चढताच दिसतो, आणि २०२० वर थांबलात तर पडताच.