शब्दचर्चा: 'गर्ल्स बँड', 'जो-मेटल', 'ओक्यूजी' मराठीत कसं लिहावं?

शब्दवेडी

जपानी मेटल (हेवी मेटल, रॉकचा जड आणि जोरकस प्रकार) बँडांवर एका दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. गायिकेपासून ड्रमरपर्यंत सगळ्या बायकाच असलेले बँड, आणि जपानबाहेर त्यांचा एवढा चाहतावर्ग कसा तयार झाला, हा विषय. वाचक मेटल ऐकणारा असेलच असं नाही. पहिल्याच परिच्छेदात शब्दांपाशी अडले.

'महिला बँड' लिहिलं की तो महिला मंडळ, महिला बचत गट, लोकलचा महिला डबा यांच्या शेजारी जाऊन बसतो, काहीतरी राखीव दिल्यासारखा. 'मुलींचा बँड' म्हणावं तर शो-या बँडची गायिका केइको तेरादा १९६३ सालची, आणि अजून खणखणीत गाते. 'स्त्रियांचा वाद्यवृंद' म्हटलं की सनई-व्हायोलिन डोळ्यांपुढे येतात. शिवाय 'जो-मेटल', 'कावाई मेटल', 'ओक्यूजी' हे शब्द वाचनात सारखे येतात. त्यांचे नेमके अर्थ आणि वापर कोणी सांगेल का?

खर्जातला

'बायकांचा मेटल बँड' असं सरळ लिहा. बोलताना आपण तेच म्हणतो, मग छापताना 'बायका' शब्दाला का बिचकायचं? फक्त 'मेटल' गाळू नका. नुसतं 'बँड' म्हटलं की निम्म्या महाराष्ट्राला वरातीपुढचा बँड आठवतो. एकदा सांगून झालं की पुढे बँडचं नाव घ्या. दर वाक्यात 'बायकांचा' नको.

तोक्योकर

खर्जातला यांच्याशी सहमत. जपानी बाजू सांगतो.

रूढ शब्द 'गारुझु बांदो', म्हणजे 'गर्ल्स बँड'च. यात वयाचा हिशोब नाही. साठीतल्या बायकांचा बँडही गारुझु बांदोच. एक अट मात्र पक्की: वाद्यं स्वतः वाजवली पाहिजेत. नुसतं गात-नाचत असतील तर तो 'गारुझु गुरूपु'. मराठीत हा भेद 'बँड' आणि 'ग्रुप' या दोन शब्दांनी सहज ठेवता येईल, तेवढा ठेवाच.

दुसरा शब्द 'नाओन', तो लेखात घ्यावा असं मनापासून वाटतं. जपानी वादकांच्या बोलीत शब्द उलटे करून बोलायची जुनी सवय आहे. 'ओन्ना' म्हणजे बाई, तिचं केलं 'नाओन'. शो-याने १९८७ मध्ये तोक्योतल्या हिबिया बागेच्या खुल्या रंगमंचावर फक्त बायकांचा संगीत महोत्सव सुरू केला. त्या रंगमंचाला सगळे 'याओन' म्हणतात, म्हणून महोत्सव 'नाओन नो याओन'. पुरुष वादकांच्या घोळक्यात फिरणारा शब्द या बायकांनी उचलून थेट फलकावर लावला. शो-याची स्थापना १९८१ ची आणि पहिला अल्बम १९८५ चा. जगाला २०१४ च्या सुमारास जे बँड नवे वाटले, त्यांची मुळं तिथे तीस वर्षं आधी रुजली होती, हे तुमच्या वाचकाला कळायला हवं.

आता 'जो-मेटल'. हे 'जो' म्हणजे जपानी 'ओजोसामा'मधलं, बड्या घरची लेक या अर्थाचं. पण तेच अक्षर 'क्याबाजो'मध्येही आहे: क्लबात गिऱ्हाइकांशी गप्पा मारत पेले भरून देणारी, झगमगीत गाऊनमधली तरुणी. ओसाकाच्या आल्डियस बँडने (स्थापना २००८) तसे लांब गाऊन घालून, केस फुगवून पॉवर मेटल (मेटलचा वेगवान, सुरेल प्रकार) वाजवायला घेतलं, आणि २०१० च्या आसपास हा शब्द पसरला. म्हणजे शब्द निघाला पोशाखावरून. कानाला काय ऐकू येतं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पुढे बायकांचा कोणताही मेटल बँड आला की त्याला हेच लेबल. इतिहास सांगताना जरूर वापरा, संगीतप्रकार म्हणून वापरू नका.

डबलबास

तोक्योकर, शेवटचं वाक्य अधोरेखित करून ठेवावं असं आहे. परदेशी श्रोत्यांना हे बँड का आवडतात, याचं उत्तर 'जो-मेटल' किंवा 'कावाई मेटल' ('कावाई' म्हणजे गोंडस) म्हटलं की झाकलंच जातं. कारण प्रत्येक बँडकडे येणारा श्रोता वेगळा आहे आणि वेगळ्या गोष्टीसाठी येतो.

लव्हबाइट्स घ्या. २०१६ मध्ये बेस वाजवणारी मिहो आणि ड्रमर हारुना यांनी तोक्योत हा बँड काढला. त्यांचं संगीत शुद्ध पॉवर मेटल: ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश हेवी मेटलच्या जोडगिटारी आणि नव्वदच्या दशकातल्या जर्मन-फिनिश बँडांची घोडदौड. गाणी बहुतेक इंग्रजीत. ध्वनिमिश्रण आणि मास्टरिंग हेलसिंकीच्या फिनव्हॉक्स स्टुडिओत, मिक्को कारमिला आणि मिका युसिला यांच्याकडे. नाइटविश, स्ट्रॅटोव्हेरियस या फिनिश मेटल बँडांचे अल्बम ज्यांच्या हाताखालून गेले, तेच हे दोघं. २०१८ मध्ये बँड जर्मनीत वाकेन आणि इंग्लंडात ब्लडस्टॉक या मेटल महोत्सवांत वाजला, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या 'मेटल हॅमर' मासिकाने त्यांना सर्वोत्तम नव्या बँडचा पुरस्कार दिला. युरोपातल्या ज्या श्रोत्याने तरुणपणी हेच संगीत ऐकलं, त्याला ते इथे ताजं होऊन परत मिळतं. तो पोशाख पाहून आला असेलही, पण तेवढ्यावर कोणी अल्बममागून अल्बम घेत नाही.

२०२० च्या 'इलेक्ट्रिक पेंटाग्राम' अल्बममधलं 'स्वान साँग' हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला धावता पियानो. गिटार आणि कीबोर्ड ही दोन्ही वाद्यं मियाको सांभाळते, आणि तिच्यावर पाश्चात्त्य शास्त्रीय पियानोचे संस्कार आहेत. पियानोतलं तेच वादळ मग गिटारी उचलतात. खाली डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रमवर अखंड ठोके. त्यावर आसामीचा आवाज. ती मूळची सोल आणि आर अँड बी गाणारी, त्यामुळे तार सप्तकात स्वर लांबवताना आवाज किंचाळत नाही, गोल राहतो आणि शेवटाला हलका कंप घेतो. मेटलमध्ये हा गळा विरळा.

एक विनंती. लेखात 'मुली असूनही इतकं जोरकस वाजवतात' असं वाक्य चुकूनही येऊ देऊ नका. या बँडांच्या व्हिडिओंखाली ते हजारदा वाचलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. ज्या हातांनी वर्षानुवर्षं रियाज केलाय, त्यांना 'असूनही' कशाला?

तोक्योकर

डबलबास, विनंतीला पूर्ण पाठिंबा. त्या रियाजाला जपानीत एक पत्ता आहे: 'केइओनबु'. 'केइओन' म्हणजे केइओनगाकु, सुगम संगीत म्हणू या, आणि 'बु' म्हणजे शाळेतलं मंडळ. जपानी शाळांत वर्ग सुटल्यावर असली मंडळं भरतात आणि विद्यार्थी ती फार मनावर घेतात. केइओनबुमध्ये मैत्रिणी मिळतात, तालमीला खोली मिळते, शाळेच्या उत्सवात वाजवायची संधी मिळते. हानाबिए हा बँड २०१५ मध्ये तोक्योतल्या एका माध्यमिक शाळेच्या अशाच मंडळातून निघाला. पंधरा-सोळाव्या वर्षी बरोबरीच्या मुली हातात गिटार-बेस घेऊन एका खोलीत जमतात, तेव्हा 'बाईने ड्रम वाजवणं' ही बातमी राहत नाही. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांत मुली आल्या त्याची आठवण होते.

चालीबद्दलही तीन शब्द घ्या: 'ए-मेरो', 'बी-मेरो', 'साबी'. जपानी पॉप गाण्याचे हे तीन टप्पे, आणि मेटल बँडांनीही ते सोडलेले नाहीत. साबी म्हणजे गाण्याचा कळस, जो भाग सगळे एकसुरात गातात. तिला 'ध्रुवपद' म्हणायचा मोह होईल. पण आपलं ध्रुवपद बहुधा आधी येतं आणि अंतरा संपला की आपण त्यावर परततो. साबी सहसा उशिरा येते, आणि तिच्याआधीच्या बी-मेरोचं काम श्रोत्याला ताणून धरायचं. पाश्चात्त्य मेटल ऐकणाऱ्याला रिफची, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्याची सवय असते. त्याला गाण्याच्या मधोमध ही चढण भेटते, आणि जपानीतला एक शब्द न कळताही साबी त्याच्या तोंडी बसते. भाषेच्या भिंतीबद्दल लिहिणार असाल तर हे कारण माझ्या मते सगळ्यात वजनदार.

सांगलीकर

बेबीमेटल यात धरणार का? मेटल ऐकणाऱ्या मित्रांत यावरून दर वेळी जुंपते.

डबलबास

'बायकांचा बँड' म्हणून नाही धरता येणार. समोर गाणाऱ्या-नाचणाऱ्या तिघी, मागे वाजवणारे पुरुष, ज्यांना 'कामी बँड' म्हणतात. 'कामी' म्हणजे देव. तोक्योकरांच्या व्याख्येने हा 'गारुझु गुरूपु'. २०१० मध्ये साकुरा गाकुइन या आयडॉल ग्रुपची शाखा म्हणून सुरुवात झाली. इथे 'आयडॉल' शब्दाची टीप द्या, नाहीतर आपल्याकडे लोकांना टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा आठवेल. जपानी आयडॉल म्हणजे एजन्सीने लहान वयात निवडलेली, चाहत्यांच्या डोळ्यांदेखत शिकत मोठी होणारी कलावंत.

पण लेखातून वगळूही नका. दरवाजा त्यांनीच उघडला. २०१४ च्या फेब्रुवारीत 'गिमी चॉकलेट'चा व्हिडिओ आला. त्याच जुलैत इंग्लंडमधल्या सोनिस्फिअर महोत्सवात त्यांना छोट्या मंचावरून मुख्य मंचावर हलवावं लागलं, कारण मागणीच तेवढी होती. एप्रिल २०१६ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली अरीनात मुख्य कार्यक्रम करणारा तो पहिला जपानी संच ठरला. २०१९ मध्ये 'मेटल गॅलक्सी' अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० या अल्बमांच्या यादीत १३ व्या क्रमांकावर गेला आणि जपानी गायक क्यू साकामोतोचा तिथला १९६३ पासूनचा, जपानी कलाकाराच्या सर्वात वरच्या क्रमांकाचा विक्रम मोडला. त्याच अल्बममध्ये भारतीय ढंगाचं 'शांती शांती शांती' आहे, आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडबरोबर त्यांनी 'बेखौफ' हे गाणं केलं. आपल्या वाचकाला हा धागा जवळचा वाटेल.

तोक्योकर

नावातली गंमतही सांगून टाका. जपानीत 'व' ऐवजी 'ब' येतो, म्हणून हेवी मेटल म्हणजे 'हेबी मेतारू'. त्याचंच 'बेबी मेतारू' झालं. मराठी लिपीत 'हेवी' लिहिल्यावर हा यमक दिसत नाही, तेव्हा एकदा जपानी उच्चार द्यावा लागेल. 'कावाई मेटल' हे नाव याच संचामुळे जगभर पसरलं. ते त्यांच्यापुरतं ठीक, लव्हबाइट्सना लावलं तर साफ चूक.

शब्दवेडी

खूप आभार, लेखाचा सांगाडाच बदलला. दोन शब्द राहिले. बँड-मेड या बायकांच्या बँडचा 'ओक्यूजी', आणि हानाबिएच्या गाजलेल्या गाण्याचं नाव, 'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु'. यांचं भाषांतर करू की तसेच ठेवू?

तोक्योकर

'ओक्यूजी' तसाच ठेवा. अर्थ 'जेवायला वाढणं, टेबलाशी सेवा करणं'. बँड-मेडची मिकु कोबातो तोक्योच्या अकिहाबारा भागातल्या मेड कॅफेत, म्हणजे मोलकरणीच्या पोशाखातल्या मुली वाढतात अशा कॅफेत काम करायची. २०१३ मध्ये तिने बँड जमवला आणि मेडचा पोशाख तसाच ठेवला. म्हणून त्यांचा कार्यक्रम म्हणजे 'ओक्यूजी' आणि श्रोते म्हणजे 'मालक' आणि 'राजकन्या'. संगीत मात्र करडं हार्ड रॉक, आणि २०१८ च्या अल्बमचं नाव 'वर्ल्ड डॉमिनेशन'. जपानीत हे 'सेकाई सेइफुकु'. यातल्या 'सेइफुकु'चा अर्थ जिंकून घेणं. वेगळ्या अक्षरांत लिहिलेल्या 'सेइफुकु'चा अर्थ गणवेश. सेवेचा शब्द आणि स्वारीचा शब्द एकाच मंचावर. अशा विसंगतीतून येणाऱ्या आकर्षणाला जपानी लोक 'ग्याप्पु मोए' म्हणतात. अमेरिकेतले चाहतेही इंग्रजीत बोलताना 'ओक्यूजी'च म्हणतात, मग मराठीत 'सेवा' किंवा 'वाढप' करून त्यातला प्राण कशाला घालवायचा?

'ओसाकी नि शित्सुरेइ शिमासु' मात्र भाषांतर करून द्या. ऑफिसातून इतरांच्या आधी निघताना म्हणायचं रोजचं वाक्य. शब्दशः 'तुमच्या आधी जाण्याचा उद्धटपणा करते'. आपण नुसतं 'चला, निघते' म्हणतो, त्यात माफी नसते. 'तुमच्या आधी निघते, माफ करा' इतपत चालेल. नोकरदाराच्या तोंडचं हे अदबीचं वाक्य हानाबिएची गायिका युकिना पोटातून काढलेल्या डरकाळीत म्हणते आणि पुढच्याच क्षणी गोड चाल येते. २०२३ मध्ये हा व्हिडिओ जगभर फिरला आणि त्याच वर्षी त्या अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर गेल्या. जगभरच्या ऑफिसांतल्या लोकांना त्यातलं काय भिडलं, ते सांगायला दुभाषा लागला नसावा.

खर्जातला

'हानाबिए'चा अर्थ काय?

तोक्योकर

साकुरा (चेरी) फुलायच्या दिवसांत मध्येच परतून येणारी थंडी. आणि शब्दवेडी, जपानीत या नावाच्या शेवटी पूर्णविराम असतो, तो नावाचाच भाग आहे. लेखात ठेवणार असाल तर मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर वाक्याच्या मधला पूर्णविराम पाहून तो पहिल्याच वाचनात काढून टाकेल.

शब्दवेडी

ठेवणार आहे. पहिल्या उल्लेखाला पूर्णविरामासह आणि अवतरणचिन्हांत, पुढे साधं. आणि पहिलं वाक्य आता असं केलंय: 'लव्हबाइट्स हा तोक्योचा पॉवर मेटल बँड, पाचही वादक बायका.'

डबलबास

'पाचही जणी' करा. आसामी गाते, वाजवत नाही.