पोट फुगतंय, हे डॉक्टरांना नेमकं कसं सांगायचं?

पोट सतत फुगणं हे अंडाशयाच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. त्यावर 'पॅप स्मिअर नॉर्मल आहे, मग काळजी कशाला' असं कुणी म्हणेल, म्हणून आधी तेच. पॅप स्मिअर ही तपासणी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी असते, अंडाशयाचा कॅन्सर शोधायला नाही.

डॉक्टरांपुढे नुसतं 'गॅस होतो' म्हटलं की अ‍ॅसिडिटीची गोळी हातात पडते. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा करा: पोट फुगलं, ओटीपोट दुखलं, दोन घासांत पोट भरलं, लघवीला वारंवार किंवा घाईने जावं लागलं. मग सांगा, 'हे तीन महिन्यांपूर्वी सुरू झालं, महिन्यात पंधरा दिवस होतं, आधी नव्हतं.' महिन्यात १२ पेक्षा जास्त दिवस त्रास होत असेल, तर तपासणी हवीच. पन्नाशीनंतर तर नक्कीच. आई, बहीण, मावशी, आत्या यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर तेही न विचारता सांगा. वडिलांकडचंही मोजतात, हे बरेचजण विसरतात.

सीए-१२५ रक्तचाचणी (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं रक्तातलं प्रथिन मोजते) आणि सोनोग्राफीबद्दल (शक्यतो योनिमार्गातून) थेट विचारा. सीए-१२५ पाळीत, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), एंडोमेट्रिओसिसमध्येही (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं) वाढतं. उलट सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये नॉर्मलही येऊ शकतं. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी त्रास थांबला नाही तर पुन्हा जा.