पेरूच्या पाटीवर काय लिहायचं?

सेक्रेटरी काका: सर्व सभासदांना नमस्कार. आवारातल्या झाडांच्या पाट्या उद्या सकाळी रंगवून घेतोय. कडुनिंब, जांभूळ, शेवगा, सीताफळ यांचा मजकूर पेंटरला दिला. पेरूसाठी असं लिहिलंय : "पेरू. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशातून आल्यामुळे हे नाव पडले." काही हरकत असेल तर रात्री दहाच्या आत कळवा.

डी-४०४ अण्णा: उत्तम.

बी-२०२ काकू: चांगलं काम. फक्त झाडाला खिळे मारू नका हं, पाटी खांबावर लावा.

सी-३०१ नातू: आमच्या अम्मांचा निरोप टाइप करतोय. त्या म्हणतात, ते जामचं झाड आहे, पेरू कुठून आलं? साखर पेठेतल्या जुन्या घरी जे झाड होतं, त्याच्याच बियांचं रोप त्यांनी इथं लावलंय. त्यांच्या आईनंही त्याला जामच म्हटलं. पाटीवर जाम पाहिजे.

ए-५०१ दादा: अम्मांचा मान आहेच. पण पाटी मराठी आहे. शुद्ध मराठी नाव एकच, पेरू. आज तेलुगू लिहिलं तर उद्या कन्नड पाहिजे, परवा उर्दू. सोलापुरात हे कुठं थांबणार?

ए-१०२ मॅडम: काका, पेंटरला ती देशाची ओळ देऊ नका, प्लीज. ही गोष्ट मीही लहानपणी ऐकली होती आणि वनस्पतीशास्त्र शिकवायला लागेपर्यंत खरी मानत होते. झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, एवढं बरोबर. नाव मात्र देशावरून आलेलं नाही. पोर्तुगीज भाषेत नासपतीला 'पेरा' म्हणतात. पोर्तुगिजांच्या जहाजांतून हे फळ आपल्याकडे आलं आणि त्याला नासपतीचं नाव चिकटलं. गोव्याच्या कोकणीत 'पेर', केरळात 'पेरक्का', बंगालमध्ये 'पेयारा', श्रीलंकेत सिंहली भाषेत 'पेरा'. ही सगळी भावंडं ओळीनं उभी केली की देशाचा संबंध उरत नाही. आपण शेवटी 'ऊ' लावला, तो मला वाटतं लिंबू, काजू यांच्या रांगेत बसवण्यासाठी.

ए-५०१ दादा: म्हणजे पेरू हा मराठी शब्दच नाही म्हणता?

ए-१०२ मॅडम: मराठीच आहे की ओ! चावी, पगार, बटाटा, कोबी जितके मराठी, तितकाच पेरू. हे सगळे पोर्तुगिजांकडूनच आले. पण 'शुद्ध नाव' म्हणून अम्मांचा शब्द खोडणार असाल तर माझी हरकत आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. त्या वेळी या मुलखात पेरू नव्हता, मिरचीही नव्हती. फळच आलेलं नव्हतं, तर त्याचं जुनं शुद्ध नाव आणायचं कुठून? जो तो आपल्या ओळखीच्या फळाचं नाव या पाहुण्याला देत गेला.

बी-१०१ चाचा: मॅडम, आमच्या घरात पण जामच म्हणतात. आमची दखनी बोली, हैदराबादकडं पण हेच. माझी सून लखनौची. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या अम्मीनं सकाळी सकाळी ताटली पुढं केली, "बेटा, जाम लो." पोरगी घाबरून बघतच राहिली. तिच्याकडं जाम म्हणजे शराबचा प्याला. ताटलीत तिखट-मीठ लावलेल्या फोडी बघितल्या तेव्हा म्हणाली, "ये तो अमरूद है!" अजून आमच्या घरात एकाच फळाला दोन नावं चालतात. नातवंडं शाळेतून पेरू घेऊन येतात, म्हणजे तीन.

ए-१०२ मॅडम: चाचा, तुमच्या सुनेचा अमरूद म्हणजे काय माहीत आहे? फारसीत अमरूद म्हणजे नासपती! तुर्की भाषेत नासपतीला आजही 'आर्मुत' म्हणतात, तो त्याच कुळातला शब्द. म्हणजे समुद्रानं आलेल्या पोर्तुगिजांचा शब्द असो की उत्तरेत रुळलेल्या फारसीचा, दोन्हीकडे या फळाला नासपतीच म्हटलं गेलं. आपला पेरू आणि हिंदीतला अमरूद, कानाला एकमेकांशी काही नातं नाही, पण अर्थ एकच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला हेच सांगत होते.

बी-२०२ काकू: अगं बाई! खरंच की. देठाकडं निमुळता आणि खाली फुगीर, तसाच असतो तो.

डी-४०४ अण्णा: आमचं अक्कलकोटचं घर कन्नड. आम्ही पेरला हण्णु म्हणतो, हण्णु म्हणजे फळ. म्हणजे तेपण पोर्तुगीजच झालं बगा. मुलगा बेंगळुरूला आहे, तिकडं सीबे हण्णु. पहिल्या वर्षी त्यानं बाजारात पेरला मागितलं तर बाई नुसतीच बघत बसली म्हणे. आणि म्हैसूरकडं पपईला परंगी म्हणतात. परंगी म्हणजे फिरंगी. परदेशातून आलंय हे त्या लोकांनी नावातच लिहून ठेवलं.

वॉचमन दादा: मॅडमजी, हमारे नेपाल में इसको अम्बा बोलते हैं.

ए-१०२ मॅडम: वा दादा! अम्बा. छत्तीसगडकडे तर याला 'बिही' म्हणतात, आणि फारसीत बिही हे आणखी वेगळंच फळ, नासपतीच्या नात्यातलं. मूळ नाव जवळपास राखलं ते इंग्रजीनं. त्यांचा 'ग्वावा' स्पॅनिश 'ग्वायाबा'वरून आला आणि तो कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून.

सेक्रेटरी काका: माहिती फार चांगली आहे. पण पाटी दीड फुटाची आहे. काय लिहायचं ते सांगा.

बी-२०२ काकू: आधी हे सांगा, बरोबर कोण? पेरूवाले का जामवाले?

ए-१०२ मॅडम: काकू, हाच प्रश्न पाहिजे होता. माझं उत्तर ऐका, मी वर्गात सांगायचे तसंच सांगते.

जाम हा शब्द जंबू, जांब, जांभूळ यांच्या घरातला. गुजरातीत पेरूला जामफळ म्हणतात. नागपूरकडेही जाम म्हणणारे भेटतात. आपला जंबू समुद्रापलीकडे गेला आणि इंडोनेशियात पेरूला 'जांबू बिजी' म्हणायला लागले, म्हणजे बियांचा जांबू. तो बिजी म्हणजे आपलं बीजच.

आता शास्त्र. नासपती गुलाबाच्या कुळातली, सफरचंदाच्या नात्यातली. पेरूचा तिच्याशी काही संबंध नाही, फक्त आकार सारखा. आणि जांभळाशी? सख्खं नातं! पेरू, जांभूळ, गुलाबजांब, लवंग, निलगिरी, सगळी एकाच कुळातली झाडं. या कुळाची खूण पानात असते. पानात तेलाचे बारीक ठिपके असतात, म्हणून पान चुरगाळलं की वास येतो. पेरूची पानं समोरासमोर जोडीनं येतात, जांभळाचीही तशीच. पेरूचं फूल आठवा, पाकळ्या गळून जातात आणि मधे पांढऱ्या केसरांचा झुबका राहतो. जांभळाच्या मोहोरातही तेच केसर.

तेव्हा अम्मांचा शब्द वनस्पतीशास्त्राच्या जास्त जवळचा आहे. नासपतीवाल्यांनी आकार पाहिला. जामवाल्यांचं बोट नेमकं घरच्या माणसावर पडलं.

सी-३०१ नातू: अम्मांना वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला उठल्या. खूश आहेत.

ए-३०३ धाकटी: मॅडम, मी आत्ता पार्किंगमध्ये आहे. जांभळाचं पडलेलं पान आणि पेरूचं कोवळं पान मोबाईलच्या टॉर्चवर धरलं. दोन्हींत टाचणीनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात!! चुरगाळलं तर दोन्हींना वास आहे. कडुनिंबात ठिपके नाहीत.

ए-१०२ मॅडम: शाब्बास गं! हेच ठिपके. सकाळी उन्हात धर, आणखी स्पष्ट दिसतील.

ए-५०१ दादा: मॅडम, मीही खाली जाऊन पाहून आलो. मान्य. मला जाम म्हणजे चुकीचा उच्चार वाटत होता. एक विचारतो, मिरचीचंही असंच काही आहे का? तुम्ही मघाशी तीही नव्हती म्हणालात.

ए-१०२ मॅडम: अगदी असंच! आपल्याकडे तिखट म्हणजे मिरी. अमेरिकेतून नवं तिखट आलं, त्याला मिरीवरून मिरची म्हटलं. कन्नडमध्ये मिरी म्हणजे मेणसु आणि मिरची मेणसिनकायि. तेलुगूत मिरियालु आणि मिरपकाय. तिन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता तेच केलं. शब्द उसना घेतला नाही, घरातलाच मोठ्या भावाचा सदरा नव्याला चढवला.

सी-३०१ नातू: अम्मा विचारतात, काजूचं काय? आम्ही काजूच्या झाडाला जीडिमामिडि म्हणतो. जीडि म्हणजे बिब्बा, मामिडि म्हणजे आंबा.

ए-१०२ मॅडम: काय?! हे मला माहीत नव्हतं. बिब्बा-आंबा! अहो, काजू, बिब्बा आणि आंबा ही तिन्ही एकाच कुळातली झाडं आहेत. काजूच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की बिब्ब्यासारखंच भाजतं. आंब्याचा चीकसुद्धा ओठाला लागला की उततो. काजू हे आपलं नाव ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचं, पोर्तुगिजांमार्फत आलेलं, जसंच्या तसं उचललेलं. तेलुगूत कुणीतरी झाड नीट निरखलं, फळ चाखलं, टरफलाचं तेल हाताला लागून भाजलं असणार, आणि मग नाव ठेवलं. अम्मा, उद्या मी तुमच्याकडे येते. अशी आणखी नावं मला सांगा, वहीत लिहून घेते. माझी सगळी नोकरी सोलापुरात झाली, शेजारी तेलुगू, आणि हे नाव मी आज ऐकतेय, याची मला चुटपूट लागली आहे.

सी-३०१ नातू: अम्मा म्हणतात, रम्मा, या. चार वाजता.

डी-४०४ अण्णा: शास्त्रीय नाव पण टाका की पाटीवर.

ए-१०२ मॅडम: सिडियम ग्वाजावा. स्वीडनचा वनस्पतीशास्त्रज्ञ लिनियस, त्यानं १७५३ मध्ये दिलं. अण्णा, तुमची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे ना, मग ऐका. यातला सिडियम हा शब्द ग्रीकमधल्या डाळिंबाच्या नावावरून आला असं मानतात. पेरूच्या बुडाशी सुकलेल्या पाकळ्यांसारखा छोटा मुकुट राहतो ना, तो डाळिंबालाही असतो. आणि नासपतीच्या आकाराच्या पेरूला लिनियसनं लॅटिनमध्ये 'नासपती धरणारा' अशा अर्थाचं वेगळं नावही दिलं होतं. नासपती त्यालाही दिसली!

डी-४०४ अण्णा: डाळिंब! केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या गावात, आणि पेरूच्या नावात पण डाळिंब. हे घरी सांगतो.

सेक्रेटरी काका: पावणेदहा झाले. मजकूर असा करू का? "पेरू. जाम, पेरला, अमरूद, अम्बा. शास्त्रीय नाव सिडियम ग्वाजावा. जांभळाच्या कुळातले झाड. मूळ अमेरिकेतले." देशाची ओळ काढली.

बी-१०१ चाचा: बहोत खूब.

ए-५०१ दादा: माझी एक सूचना. जाम हे नाव पेरूच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात घ्या. झाड अम्मांनी लावलंय. बाकीची खाली बारीक.

बी-२०२ काकू: अनुमोदन.

ए-१०२ मॅडम: माझंही. आणि जाम तेलुगू लिपीतही लिहा ना काका. दोन अक्षरांची जागा लागेल. अम्मांना मराठी वाचताना त्रास होतो, हे आपल्याला माहीत आहे.

सेक्रेटरी काका: लिहू की. पण पेंटरला तेलुगू येत नाही.

सी-३०१ नातू: अम्मा कागदावर मोठं लिहून देतात. तो बघून काढेल.

सेक्रेटरी काका: ठीक. पेंटर सातला येणार. कागद त्याआधी वॉचमन दादांकडे ठेवा.

वॉचमन दादा: मैं छह बजे से गेट पर हूँ.