मदत हवी आहे: खाऱ्या हवेत दुर्बिणीचा आरसा कसा टिकवायचा?

मंडळी, मी देवगडजवळ राहतो. माझ्याकडे सहा इंची न्यूटोनियन (भिंगाऐवजी आरशाची) दुर्बीण आहे, डॉब्सोनियन (साध्या फिरत्या) बैठकीवरची. मुख्य आरशाच्या कडेला पांढुरके ठिपके आलेत, फुंकणीने हवा मारूनही हटत नाहीत. ही बुरशी की अ‍ॅल्युमिनियमचा थरच गेला? ओळखायचं कसं? डिस्टिल्ड वॉटरने धुऊ, की हातच लावू नको? मुंबई-पुण्यात नवा थर चढवून देणारं कोणी आहे का?

आता मे महिन्यात ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा दाट गुच्छ बघायचाय. इथून तो दक्षिणेला जेमतेम २६ अंश वर येतो, पण कलमांच्या शेंड्यांवरून बरा दिसतो. हबलच्या वीसेक वर्षांच्या फोटोंवरून २०२४ मध्ये त्याच्या गाभ्यात सुसाट असूनही निसटून न गेलेले सात तारे सापडले, म्हणजे तिथे किमान ८,२०० सूर्यांएवढं कृष्णविवर असावं म्हणतात. ते माझ्या दुर्बिणीतून थोडंच दिसणार! पण कडेचे तारे तरी सुटे दिसावेत.

आणि पावसाळ्यात दुर्बीण ठेवायची कुठे? आई म्हणते, तांदळाच्या पिंपात. हवाबंद पेटी आणि सिलिका जेल पुरतं का? किनाऱ्यावरच्यांनी आवर्जून सांगा, घाटावरचा अनुभव इथे चालत नाही.