मदत हवी आहे: मुलाला सारखा मार बसतोय, शाळा म्हणते "समज दिली"

राणेनगरची_आई
नमस्कार. इथे एरवी फक्त वाचते, आज लिहितेय कारण डोकं चालेनासं झालंय. माझ्या मुलाला एक मुलगा सतत मारतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालंय, आधी टपली, ढकलणं, बाटलीतलं पाणी ओतून देणं असलं चालायचं, आता स्टीलच्या पट्टीने मानेवर वळ उठवलाय. टीचरना सांगितलं तर म्हणाल्या दोघांनाही समज दिली. दोघांनाही?? मार खाणाऱ्याला कसली समज देता? सुपरव्हायझर मॅडमकडे गेले, त्या म्हणे मुलं आहेत, चालायचंच. मिस्टर म्हणतात तूही एक ठेवून दे असं शिकव त्याला. सासूबाई म्हणतात शाळा बदला. ग्रुपवर दोघीतिघी म्हणताहेत सगळ्यांनी सह्या करून त्या मुलाला दाखला द्यायला लावू. सोमवारी शाळेत जायचंय. कोणाकडे तक्रार करायची आणि काय बोलायचं ते प्लीज लवकर सांगा.

गोदाकाठ
कितवीत आहे? बोर्ड कोणतं? शाळा अनुदानित की प्रायव्हेट? शाळेचं नाव नको, पण एवढं तरी लिहा ना ताई, नाहीतर आम्ही अंधारात दगड मारणार.

सातपूरचा_भो
कराटे लावा भो. बाकी सगळं फोल. माझ्या पोराला लावलं, तेव्हापासून कोणाची हिंमत नाही. सिडकोत चांगले क्लासेस आहेत, फी पण जास्त नाही. पोरगं एकदा ताठ उभं राहिलं की समोरचा आपोआप गप्प.

खडू_फळा
ताई, माझं आयुष्य शिकवण्यात गेलं म्हणून विचारतो. मारतो कुठे आणि कधी? मधल्या सुट्टीत, शाळा सुटताना, टॉयलेटपाशी, की तास चालू असताना? हे कळल्याशिवाय सोमवारी काही बोलू नका.

राणेनगरची_आई
चौथीत आहे. सीबीएसई, प्रायव्हेट, अनुदान वगैरे काही नाही. कुठे कधी म्हणजे काय काका, कधीही मारतो.

खडू_फळा
कधीही नसतं हो. मारणारं पोर जागा बघून मारतं, जिथे मोठ्या माणसाचं लक्ष नाही तिथेच. मुलाला "का मारलं" विचारू नका, तो रडेल किंवा काहीतरीच सांगेल. वहीत दिवसभराचं चित्र काढायला सांगा, घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत, आणि कुठे भीती वाटते तिथे फुली मारायला सांगा.

वकील_नाही_पण
दाखल्याच्या सह्या वगैरे भानगडीत पडू नका. आरटीई कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, मग शाळा प्रायव्हेट का असेना. सह्यांचा कागद शाळेकडे गेला की ते म्हणतील आमच्या हातात नाही, आणि तुमचा मूळ विषय तिथेच संपला.

सातपूरचा_भो
म्हणजे दुसऱ्याचं पोर मारकुटं असलं तरी आपण सहन करायचं? भारी कायदा आहे.

वकील_नाही_पण
सहन करा असं कोणी म्हटलं? काढता येत नाही म्हणूनच सुधारायची जबाबदारी शाळेवर येते. वाचत जा जरा.

फिनलंड_रिटर्न
तिकडे तुर्कू विद्यापीठाने कीवा नावाचा कार्यक्रम तयार केलाय, पुष्कळ शाळांत वापरतात. त्यात मारणाऱ्या मुलापेक्षा जास्त काम बघत उभ्या राहणाऱ्या मुलांवर करतात, कारण बघणारे हसले की मारणाऱ्याला जोर येतो आणि बघणारे मध्ये पडले की त्याची हवा जाते. आपल्याकडे हे का होत नाही? शिक्षण म्हणजे फक्त मार्क.

गोदाकाठ
आपल्याकडे एका वर्गात किती पोरं कोंबतात ते बघून या आधी, मग फिनलंड काढा.

आडगाव_नाका
गंगापूर रोडला पहिलीसाठी चांगली सीबीएसई शाळा कोणती? फी किती असेल? डोनेशन घेतात का?

राणेनगरची_आई
कृपया वेगळा धागा काढा. खडू_फळा काका, तुम्ही सांगितलं तसं केलं. फुल्या शाळेत जवळपास नाहीतच. एक गेटजवळच्या शेडमध्ये, जिथे व्हॅनची लाईन लागते, आणि बाकी सगळ्या व्हॅनमध्ये. तो मुलगा सहावीतला आहे, आमच्याच व्हॅनमध्ये येतो.

खडू_फळा
अहो हे आधी सांगायचं ना! सहावीतलं पोर चौथीतल्याला मारतंय म्हणजे वर्गशिक्षिकेच्या हातात काहीच नाही. ती तिच्या वर्गाचं बघणार. बहुतेक शाळांत प्राथमिकला एक सुपरव्हायझर आणि माध्यमिकला दुसरी, तुम्ही चौथीवालीकडे गेलात, ती सहावीच्या मुलाला काय बोलणार? सोमवारी थेट प्रिन्सिपलना भेटा, दोन्ही विभाग त्यांच्याच हाताखाली.

कुलूपकिल्ली
आणि शाळा म्हणणार व्हॅन आमची नाही, पालकांनी लावलेली आहे. लिहून घ्या माझ्याकडून. आमच्यावेळी हेच झालं होतं, शाळा म्हणे गेटबाहेर आमची जबाबदारी नाही, व्हॅनवाला म्हणे मी गाडी चालवू का मागे बघू.

वकील_नाही_पण
म्हणू देत. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ चे नियम आहेत, त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायलाच हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक आणि त्यात पालकांचा प्रतिनिधी, आरटीओ आणि पोलिसांचा माणूस. गाडीत अटेंडंट हवा हेही त्याच नियमांत आहे. तुमच्या व्हॅनमध्ये आहे का कोणी?

राणेनगरची_आई
नाही, काका एकटेच चालवतात. स्वभावाने चांगले आहेत पण पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये ते मागे कधी बघणार.

इंदिरानगर_जंक्शन
अवांतर: पाथर्डी फाट्याचं नाव काढू नका, सकाळी तिथून निघायचं म्हणजे नवस बोलावा लागतो. कुंभमेळ्याच्या कामांनी तर सगळ्याच रस्त्यांची वाट लावलीये. आमची पोरं व्हॅनमध्येच डबा खातात.

सातपूरचा_भो
हो ना राव, मुंबई नाक्यालाही तेच. पण मी तरी कराटेच म्हणेन.

गोदाकाठ
चौथीतलं पोर सहावीतल्याला व्हॅनमध्ये कराटे मारणार? बसायला जागा नाही तिथे किक कुठून मारायची? आणि उलटा मारला आणि त्याला लागलं तर "दोघांनाही समज" वाल्या टीचर खऱ्या ठरतील.

राणेनगरची_आई
मिस्टरांना दाखवला हा प्रतिसाद. काही बोलले नाहीत.

गुन्हा_नोंदवा
पट्टीने मारणं म्हणजे सरळ मारहाण आहे. पोलिसात द्या. शाळेलाही आरोपी करा.

वकील_नाही_पण
सहावीतलं पोर म्हणजे अकरा-बारा वर्षांचं. भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच नाही आणि सात ते बारामध्ये त्याला परिणामांची समज होती का हे बघतात. मोठी इजा झाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा मागेपुढे बघू नये, पण वळासाठी पोलीस स्टेशनला गेलात तर दोन्ही पोरांचं वर्ष तिथेच जाईल. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ ची हेल्पलाईन आहे, तो नंबर हाताशी असू द्या. वळाचे फोटो तारखेसकट ठेवा, फॅमिली डॉक्टरांना दाखवून कागद करून घ्या.

शाळेत_जाणारी_आजी
शाळा व्यवस्थापन समितीकडे जा, तिच्यात पाऊणशे टक्के पालक असतात. आमच्या मनपा शाळेत समितीनेच मधल्या सुट्टीत पाळी लावली, रोज दोन मुलांच्या आया मैदानावर उभ्या राहायच्या. धिंगाणा बराच कमी झाला.

वकील_नाही_पण
आजी, तो पंचाहत्तर टक्क्यांचा नियम सरकारी आणि अनुदानित शाळांना आहे, विनाअनुदानितला नाही. यांच्याकडे पालक-शिक्षक संघ धरायचा. २०११ च्या फी नियमन कायद्याने तो खासगी शाळांना करावाच लागतो, प्रत्येक पालक त्याचा सदस्य असतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक सोडत काढून निवडतात. आणि सीबीएसई आहे म्हणून सांगतो, २०१५ मध्ये बोर्डाने शाळांतल्या दादागिरीबद्दल परिपत्रक काढलंय, त्यासाठी शाळेत समिती नेमायला सांगितलीये आणि तीत पालक-शिक्षक संघाचा माणूसही घ्यायचा आहे. प्रिन्सिपलना इतकंच विचारा, मॅडम, ही समिती कोणाकोणाची आहे?

शाळेत_जाणारी_आजी
बरं बाबा. पण उभं राहायला नियम कशाला लागतो? शेडमध्ये लाईन लागते तिथे एखादी आई उभी राहिली तर कोण अडवणार आहे?

दुसऱ्या_बाजूची
मी लिहू की नको असं चाललं होतं. माझा मुलगा मारणारा होता. म्हणजे तुमच्यातल्याच कोणीतरी त्याच्यासाठी सह्या गोळा केल्या असत्या. शाळेने मला बोलावलं तेव्हा केबिनमध्ये आधीच चार-पाच पालक बसलेले, आणि मी आत गेल्या गेल्या सगळे एकदम सुरू. मी काय करणार, मी भांडलेच. घरी येऊन त्याच्या बाबांनी त्याला बेदम मारलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत दुप्पट मारलं. नंतर नव्या टीचर आल्या, त्यांनी एक छोटी वही सुरू केली, रोज एक ओळ, आज काही झालं नाही असंही त्यात लिहायच्या. तक्रार असेल तरच शाळा बोलावते हे आम्हाला सवयीचं होतं, चांगलं काही लिहून येतं हेच नवीन होतं. आणि त्याला पीटीचं साहित्य काढणं-ठेवणं हे काम दिलं, त्यामुळे सुट्टीतला तो रिकामा वेळ गेला. एकदम नाही पण सुटलं. तुमच्या त्या मुलाच्या आईला चारचौघांत बोलावू नका एवढंच सांगते.

राणेनगरची_आई
त्याची आई आमच्याच सोसायटीत राहते. बी विंग. लिफ्टमध्ये भेटते.

गोदाकाठ
हे पण आत्ता सांगताय!! ताई, अजून काय काय राहिलंय?

कुलूपकिल्ली
मग लिफ्टमध्येच बोलून टाका की. शाळा वगैरे कशाला पाहिजे. माणसं समोरासमोर बोलत नाहीत हाच प्रॉब्लेम आहे आजकाल.

खडू_फळा
अजिबात नको. दोन आया सोसायटीत बोलल्या की रात्रीपर्यंत सगळ्या विंगना कळतं, मग पोरांचं राहतं बाजूला आणि मोठ्यांचं सुरू होतं. हे मी फार पाहिलंय. बोलणं शाळेत होऊ द्या, प्रिन्सिपल मध्ये बसतील, एकेका घराला वेगवेगळी वेळ देऊन. एकत्र बसायचं तर नंतर, आणि तेही काय झालं यावर नाही, पुढे काय करायचं यावर.

फिनलंड_रिटर्न
मी मघाशी म्हटलं ते तुम्ही हसण्यावारी नेलंत पण आता बघा. व्हॅनमध्ये बाकीची पोरं आहेत ना? ती काय करतात तेव्हा?

राणेनगरची_आई
हसतात म्हणे. आठवीतल्या दोन मुली आहेत, त्या एकदा ओरडल्या होत्या त्याला, त्या दिवशी काही झालं नाही.

खडू_फळा
झालं, तिथेच धरा. फिनलंडवाले बरोबर बोलले, मान्य. त्या दोन मुलींच्या घरी विचारा आणि त्यातली एक तुमच्या मुलाशेजारी बसेल असं व्हॅनवाल्या काकांना सांगा. त्या मुलाला काकांच्या अगदी मागच्या रांगेत घ्या, आरशात दिसेल असा. पण मुलींवर राखणदारी टाकू नका, त्यांनी भांडण सोडवायचं नाही, उतरल्यावर मोठ्यांना सांगायचं एवढंच. अटेंडंटसाठी अर्ज द्या, ते व्हायला वेळ लागेल. सीट बदलायला एक दिवस पुरे.

सातपूरचा_भो
हे चांगलंय. कराटे पण लावा, तब्येतीला चांगलं असतं.

इंदिरानगर_जंक्शन
अटेंडंट आला की व्हॅनवाले महिन्याचे पैसे वाढवतील, तयारी ठेवा.

राणेनगरची_आई
वाढवू देत. अर्ज कोणाच्या नावाने लिहू? प्रिन्सिपल की संस्थेचे सचिव? त्या मुलाचं नाव लिहायचं का?

वकील_नाही_पण
प्रिन्सिपलच्या नावाने, प्रत सचिवांना. मुलाचं नाव अर्जात नको, "सहावीतील एक विद्यार्थी" म्हणा, तोंडी सांगा. तारखा, जागा, काय झालं, डॉक्टरांच्या कागदाची झेरॉक्स. शेवटी मागण्या तीनच लिहा: शेडमध्ये शाळा सुटताना एक शिक्षक, व्हॅनमध्ये अटेंडंट आणि परिवहन समितीची बैठक. "कडक कारवाई करावी" हे लिहू नका, त्यावर शाळा फक्त समज देते. अर्ज दोन प्रतींत न्या आणि तुमच्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर त्याच पोचेची झेरॉक्स लावून शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

दुसऱ्या_बाजूची
चौथी मागणी लिहिता आली तर बघा, त्या मुलाशी शाळेच्या समुपदेशकाने बोलावं. सीबीएसईत असतात समुपदेशक. तुमच्या मुलाशीही बोलू देत.

राणेनगरची_आई
लिहिते. प्रिन्सिपल मॅडमची सोमवारी साडेनऊची वेळ मिळाली, मिस्टरही येताहेत, मी त्यांना सांगून ठेवलंय की तिथे आवाज चढवायचा नाही. आठवीतल्या एका मुलीच्या आईशी फोनवर बोलले, ती म्हणाली तिच्या मुलीने घरी हे कधीच सांगितलं होतं.

खडू_फळा
बघा. व्हॅनवाल्या काकांना बोलावलंय का सोमवारी?

राणेनगरची_आई
नाही, ते डोक्यातच आलं नाही. आत्ता फोन करते.