'काल्पनिक', 'कल्पनारम्य' की 'अद्भुत'?

विचारणा : खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत भज्जू श्याम या गोंड चित्रकाराच्या चित्रांची ओळख मुलांना करून देत आहोत. चित्रांखालच्या पट्ट्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहायच्या आहेत. पंख फुटलेल्या हत्तीच्या चित्राखाली सातवीतील एका मुलीने 'काल्पनिक चित्र' असे लिहिले. व्याकरणदृष्ट्या त्यात चूक नाही, तरी तो शब्द त्या चित्राला शोभत नाही असे मला सारखे वाटते. 'कल्पनारम्य', 'अद्भुतरम्य' आणि 'अद्भुत' यांपैकी कोणता शब्द योजावा?

उत्तर : बाई, आपल्याला जे खटकले ते योग्यच आहे, आणि त्याचे कारण शब्दाच्या अर्थात नसून त्याच्या आजच्या वापरात आहे. 'या कथेतील सर्व पात्रे काल्पनिक आहेत' हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचले आहे की 'काल्पनिक' म्हणजे 'खरे नसलेले' एवढाच अर्थ मनात उरला. त्या शब्दाने वस्तूचे वर्णन होत नाही, तिचा इन्कार होतो. लोककथेला 'भाकडकथा' म्हणणाऱ्यांनीही हेच केले. दूध न देणाऱ्या गाईचे विशेषण त्यांनी गोष्टीला लावले.

मूळ शब्द मात्र इतका रुक्ष नव्हता. 'कॢप्' या धातूत जुळवणे, सिद्ध करणे, घडवणे हा अर्थ आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'कल्पना सज्जना समे' असे म्हटले आहे, आणि तेथे 'कल्पना' म्हणजे हत्तीला झूल वगैरे घालून सजवणे. आपल्यापुढचे चित्र हत्तीचेच असावे, याचा मला फार आनंद वाटला. भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले, आणि त्या प्रवासावरचे त्यांचे चित्रांचे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने 2004 मध्ये काढले. एवढे जड विमान हवेत उडते हे हत्तीने उडण्याइतकेच नवलाचे, म्हणून त्यांनी विमानाच्या जागी पंखांचा हत्ती काढला. अमरकोशातील अर्थाने ती अस्सल 'कल्पना' आहे. परंतु आजच्या वाचकाला 'काल्पनिक' या शब्दातून हा अर्थ पोहोचणार नाही, म्हणून तो सोडावा हेच बरे.

'कल्पनारम्य' समीक्षेत रुळलेला आहे, पण त्यात सारे श्रेय एकट्या कलावंताच्या कल्पनेला जाते. येथे तसे नाही. मध्य प्रदेशातील पाटनगढ हे भज्जू श्याम यांचे गाव, आणि ते ज्या परधान समाजातले, तो बाना हे तंतुवाद्य वाजवत गोंड यजमानांच्या घरी वंशगाथा आणि देवांच्या कथा गाणारा समाज. आपल्याकडे चौडक्यावर यल्लम्माची कथा मराठीत आणि कन्नडातही गायली जाते, त्याच जातीची ही परंपरा होय. तिच्यात कोंबडा हा काळाचा राखणदार आहे, म्हणून लंडनचे बिग बेन घड्याळ आणि कोंबडा एका चित्रात येतात. गांडूळ पाताळाचा स्वामी आहे, म्हणून भुयारी रेल्वे गांडुळाच्या रूपाने धावते. रोज कामावर नेणारी तीस क्रमांकाची बस त्यांना इमानी कुत्र्यासारखी वाटली, हे तेवढे त्यांचे स्वतःचे. चित्रकाराने नवे शहर जुन्या कथांच्या डोळ्यांनी पाहिले, आणि 'कल्पनारम्य' म्हटले की ते डोळेच झाकले जातात.

'अद्भुतरम्य' त्याहून जवळचा आहे, तरी 'रम्य' हे शेपूट मला अनावश्यक वाटते. ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी अंग भरलेले ते प्राणी सुंदर आहेतच, पण त्यांतले काही भय वाटावे असेही आहेत. 'अद्भुत' हा नऊ रसांपैकी एक, विस्मय हा त्याचा स्थायीभाव, आणि विस्मयात सौंदर्य व भय दोन्ही मावतात. नाट्यशास्त्राने अद्भुताचा रंग पिवळा सांगितला आहे. पौर्णिमेच्या यात्रेत सौंदत्तीचा डोंगर भंडाऱ्याने पिवळा झालेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा रंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. माझे मत 'अद्भुत'च्या बाजूने आहे.

निपाणीहून शंका : मराठीपुरते हे पटते. मात्र पट्टी कन्नडातही लिहायची आहे, आणि कन्नडात 'अद्भुत' हा शब्द रोजच्या बोलण्यात 'फार छान' या अर्थाने येतो. गाणे अद्भुत, जेवणही अद्भुत. कन्नड वाचकाला ती चित्राची नुसती स्तुती वाटेल. आमच्याकडची मुलेही आता मराठीत तसेच बोलू लागली आहेत.

उत्तर : सर, ही अडचण खरी आहे आणि माझ्या उत्तरात ती ध्यानात घ्यायची राहून गेली होती. 'अद्भुत' हे चित्राचे विशेषण केले की ती स्तुती होते. जगाचे विशेषण केले की त्याला मूळचा अर्थ परत मिळतो. 'अद्भुत चित्र' आणि 'अद्भुत सृष्टीतले चित्र' यांत हाच फरक आहे. 'फँटसी'साठी 'अद्भुतिका' हा समीक्षेतला शब्दही आहे, पण सातवीच्या मुलांना तो समजावत बसावे लागेल.

तेव्हा बाई, त्या मुलीची पट्टी काढून टाकू नये. तिच्याच हाताने 'काल्पनिक चित्र' खोडून तिच्याकडून 'गोंड कथांच्या अद्भुत सृष्टीतला हत्ती' असे लिहून घ्यावे, आणि कन्नड पट्टीवर 'अद्भुत लोकद आने', म्हणजे अद्भुत लोकातला हत्ती, असे येऊ द्यावे.